कापडाच्या भिंतीआड तरंगणारा रणगाडा

मावळ तालुक्यातील नवलाख उंबरे या गावाच्या हद्दीत, तळेगावच्या औद्योगिक क्षेत्रात, जनरल मोटर्स कंपनीने मोटारींचा एक मोठा कारखाना उभारला. २००८ साली तो सुरू झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये तेथील उत्पादन थांबले. पुढे २०२३ साली ह्युंदाई कंपनीने तो विकत घेण्याचा करार केला आणि आता तो तिच्याकडे आहे. गंमत म्हणजे हीच जनरल मोटर्स १९२८ साली मुंबईत शिवडीला आली होती व १९५४ साली तेथूनही आपला गाशा गुंडाळून गेली होती. एकाच कंपनीला महाराष्ट्राने दोनदा निरोप दिला.

पण अशा बड्या कंपनीबद्दल माहिती मिळवणे अवघड नसते. वर्तमानपत्रांची कात्रणे असतात, कामगार असतात, रस्त्यावर धावणाऱ्या गाड्या असतात. खरी पंचाईत होते ती लहान कंपन्यांची. दहावीस माणसे, एक नकाशे काढण्याची खोली, दुसऱ्याच्या कारखान्यात करून घेतलेले सुटे भाग आणि दहापंधरा वर्षांचे आयुष्य. अशी कंपनी बंद पडली की तिच्या दारावरची पाटीसुद्धा भंगारात जाते. तिने शोधलेल्या गोष्टी मात्र कुठे ना कुठे वापरात राहतात आणि कधी कधी त्या गोष्टींवर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

आम्ही काही सहकारी मिळून माध्यमिक शाळांतील मुलांबरोबर 'हरवलेल्या कंपनीचा शोध' असा एक उपक्रम करतो. त्यासाठी उदाहरण म्हणून आम्ही निवडलेली कंपनी आहे स्ट्रॉसलर मेकॅनायझेशन लिमिटेड. ही लंडनमधली कंपनी आज अस्तित्वात नाही आणि लष्करी वाहनांचा नाद असलेले थोडे लोक सोडले तर तिचे नाव कुणाला माहीत नाही. ती स्वतः रणगाडे बांधत नसे. दुसऱ्यांनी बांधलेल्या चिलखती वाहनांत सुधारणा सुचवणे, त्यांना जोडायची साधने आखून देणे, हे तिचे काम. तिचे सर्वांत गाजलेले काम म्हणजे तीस टनांहून जड रणगाड्याला समुद्रात तरंगायला लावणारी एक कापडी भिंत.

हे उदाहरण आम्ही घेतले कारण त्यातले सगळे विज्ञान शाळेच्या पुस्तकांत आहे. आर्किमिडीजचे तत्त्व, द्रवाचा दाब आणि गुरुत्वकेंद्र, एवढ्यावर सारी गोष्ट उलगडते.

कागद, लोखंड आणि समुद्राचा तळ

कंपनीचा शोध घ्यायचा तर आधी माणूस सापडावा लागतो. निकोलस स्ट्रॉसलर यांचा जन्म १८९१ साली हंगेरीतील डेव्हेचेर या गावी झाला. ते इंजिनियर होऊन इंग्लंडमध्ये आले आणि १९३३ साली ब्रिटिश नागरिक झाले. ब्रिटनमध्ये परदेशी माणसाला नागरिकत्व मिळाले की त्याची नोंद सरकारी गॅझेटमध्ये छापली जात असे. कंपनी गुंडाळली गेली की तिची सूचनाही त्याच गॅझेटमध्ये येते. म्हणून अशा शोधाची पहिली पायरी बहुधा गॅझेट हीच असते. आपल्याकडेही राजपत्राचे जुने अंक हे माहितीचे मोठे भांडार आहे. ते उघडून पाहणारे मात्र थोडे.

१९२८ ते १९३३ या काळात स्ट्रॉसलर 'फोल्डिंग बोट्स अँड स्ट्रक्चर्स' नावाच्या कंपनीत होते. घडीच्या होड्या! पुढे जे घडले त्याचे बीज या नावातच आहे. नंतर त्यांनी स्वतःच्या नावाची कंपनी काढली. अल्विस या मोटार कंपनीशी भागीदारी करून त्यांनी चिलखती मोटारी आखल्या. हंगेरीतील मानफ्रेड वाइस कारखान्याने त्यांच्या आराखड्यावरून 'चाबा' नावाची चिलखती मोटार बांधली व ती हंगेरीच्या सैन्याने वापरली. दैवाचा खेळ असा, की दुसऱ्या महायुद्धात हंगेरी जर्मनीच्या बाजूने लढली. म्हणजे एकाच माणसाच्या आराखड्यांवरची वाहने युद्धाच्या दोन्ही बाजूंना होती.

दुसरी पायरी पेटंटची. ही पायरी आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. पेटंट म्हणजे संशोधक आणि सरकार यांच्यातला एक सौदा असतो. संशोधकाने आपली युक्ती आकृत्यांसह, कोणाही जाणकाराला ती करून पाहता येईल इतक्या स्पष्टपणे लिहून द्यायची. त्या बदल्यात सरकारने ठरावीक वर्षे ती युक्ती दुसऱ्या कोणाला वापरू द्यायची नाही. मुदत संपली की युक्ती सर्वांची होते. कंपनी बुडाली, मालक वारला, कचेरी पाडली गेली, तरी पेटंटचा कागद राहतो. घडीचे तराफे, वाहनांची चाके, टायर अशा नाना विषयांवर स्ट्रॉसलर यांची पेटंटे आहेत. एखाद्या माणसाची पेटंटे तारखांनुसार ओळीने लावली, की तो कोणत्या वर्षी कशाच्या मागे होता हे त्याच्या रोजनिशीइतके स्वच्छ दिसते. एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. युद्धकाळात लष्करी उपयोगाची पेटंटे गुप्त ठेवून उशिरा प्रसिद्ध केली जात. म्हणून छापल्याच्या तारखेपेक्षा अर्ज केल्याची तारीख महत्त्वाची.

कंपनीच्या नोंदणीचे कागद ही तिसरी जागा. ब्रिटनमधील विसर्जित कंपन्यांच्या जुन्या फायली तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जातात, पण सगळ्या नाहीत. जागेअभावी नमुन्यादाखल काही ठेवून बाकीच्या नष्ट केल्या जातात. आपल्याकडे कंपनी निबंधकांकडे नोंदलेल्या कंपनीची स्थिती आज संगणकावर कोणालाही पाहता येते. 'चालू', 'विसर्जित', 'नाव काढून टाकलेली' अशा नोंदी असतात. पुणे जिल्ह्यातील शिक्षकांना हा खेळ मुलांबरोबर सहज खेळता येईल. जवळच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एखाद्या गंजलेल्या फाटकावरचे नाव घ्यावे आणि शोधावे.

आणि कागद संपले की लोखंड बोलते. इंग्लंडमधील बोव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयात स्ट्रॉसलर यांच्या कापडी भिंतीसह एक शर्मन रणगाडा ठेवलेला आहे. डेव्हन परगण्यात टॉरक्रॉस येथे १९८४ साली समुद्रातून वर काढलेला असाच एक शर्मन स्मारक म्हणून उभा आहे. त्याच्या मागच्या बाजूला पंखे दिसतात. रणगाड्याला जहाजासारखे पंखे! नॉर्मंडीजवळच्या आणि इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील स्टडलंड उपसागराच्या तळाशी पाणबुड्यांना आणखी सांगाडे सापडले आहेत. तो तळ हेच या कंपनीचे सर्वांत मोठे दप्तर म्हणायचे. ते तिथे कसे साठले, ते समजण्यासाठी थोडे गणित करावे लागेल.

तीस टन तरंगतात कसे?

पदार्थ द्रवात ठेवला की तो स्वतःच्या वजनाइतक्या वजनाचा द्रव बाजूला सारू शकला तर तरंगतो. हे वाक्य मुलांना पाठ असते. पण 'लोखंड बुडते आणि जहाज तरंगते' या उदाहरणापलीकडे आपण सहसा जात नाही. रणगाड्याचे उदाहरण अधिक चांगले आहे, कारण त्यात आकडे घालता येतात.

सोयीसाठी शर्मन रणगाड्याचे वजन ३२ टन धरू. समुद्राच्या पाण्याची घनता गोड्या पाण्यापेक्षा थोडी जास्त, दर घनमीटरला सुमारे १.०२५ टन. म्हणजे रणगाड्याला ३१.२ घनमीटर पाणी बाजूला सारावे लागेल. आता रणगाड्याची लांबी साधारण ५.९ मीटर आणि रुंदी २.६ मीटर आहे. या मापाची एक सरळसोट पेटी कल्पिली तर तिच्या तळाचे क्षेत्रफळ १५.३ चौरस मीटर होते. ३१.२ ला १५.३ ने भागले की उत्तर येते २.०४ मीटर. म्हणजे ही पेटी दोन मीटर खोल बुडेल तेव्हा तरंगेल.

शर्मनची बुरुजासकट उंची पावणेतीन मीटरच्या आत आहे. त्याची धातूची मुख्य पेटी तर त्याहून बरीच बुटकी. शिवाय खालच्या भागात चाके आणि पट्टे यांच्यामधून पाणी शिरते, त्यामुळे तेवढी जागा हिशेबातून वजा होते. स्वतःच्या शरीराच्या बळावर हा गडी तरंगणे अशक्यच. त्याची 'पेटी' वर वाढवायला हवी. ती लोखंडाने वाढवली तर वजन वाढते, शिवाय किनाऱ्यावर पोहोचल्यावर तोफ झाकली जाते.

स्ट्रॉसलर यांचा पहिला उपाय निराळा होता. त्यांनी रणगाड्याच्या दोन्ही बाजूंना घडीचे तरंगते फुगे जोडले. तराफा तसा तरला, पण रुंदी फार वाढली. रणगाडे वाहून नेणाऱ्या सपाट तळाच्या नौकांच्या दारातून असे वाहन बाहेर पडणार कसे? मग त्यांनी दुसरा उपाय शोधला आणि आमच्या मते तो खरोखर चतुर होता. तरंगणारी वस्तू बाहेरून जोडण्याऐवजी त्यांनी पाणीच बाहेर ठेवले. रणगाड्याच्या पेटीच्या कडेने जलाभेद्य केलेल्या कॅनव्हासची एक भिंत चारी बाजूंनी बसवली. ती घडी करून खाली पाडून ठेवता येई. रबरी नळ्यांत दाबाखालची हवा भरली की त्या ताठ होत आणि भिंत वर उचलली जाई. धातूच्या कड्या व टेकू तिला आकार देत. पंधरा मिनिटांत भिंत उभी राही आणि किनाऱ्याला लागताच झटक्यात पाडता येई. पाडली की समोर तोफ मोकळी.

म्हणजे ही एक होडी होती, जिचा तळ रणगाड्याच्या पोलादाचा आणि बाजू ताडपत्रीच्या. बुरूज, तोफ, माणसे सगळे त्या होडीच्या पोटात, बहुतांशी समुद्राच्या पातळीखाली. दुरून पाहणाऱ्याला फक्त कापडाची एक बुटकी चौकट लाटांवर दिसे. शत्रूला तो रणगाडा वाटत नसे, हाही फायदाच.

पुढे ढकलण्यासाठी मागे दोन पंखे लावले. शर्मनमध्ये इंजिनाची शक्ती पुढच्या दात्यांच्या चाकांना मिळते, मागची चाके नुसती पट्टा फिरवून परत पाठवतात. त्या मागच्या चाकांनाही दाते देऊन पट्ट्याकरवी पंखे फिरवले. पट्ट्याने जमिनीवर, पंख्याने पाण्यात, अशा दोन प्रकारच्या चालीमुळे या रणगाड्यांना 'डुप्लेक्स ड्राइव्ह' म्हणजे दुहेरी चालीचे, थोडक्यात 'डीडी' रणगाडे म्हणू लागले. पाण्यातला वेग ताशी जेमतेम सात किलोमीटर, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाइतका.

पहिली चाचणी जून १९४१ मध्ये लंडनजवळच्या ब्रेंट जलाशयात झाली. तेव्हा वापरलेला टेट्रार्क रणगाडा साडेसात टनांचा हलका होता. त्यानंतर व्हॅलेंटाइन रणगाड्याला ही भिंत बसवण्यात आली. व्हॅलेंटाइनचे वजन १७ टन, लांबी ५.४ व रुंदी २.६ मीटर धरली तर वरच्याच रीतीने तो सव्वा मीटर बुडतो. म्हणजे शर्मनच्या मानाने काम पुष्कळ सोपे. असे सहाशेच्या आसपास व्हॅलेंटाइन तयार झाले. बहुतेक इंग्लंडमध्ये सरावासाठी राहिले, काही इटलीत आणि काही भारतातही पाठवले गेले. अहिल्यानगरच्या (जुने अहमदनगर) रणगाडा संग्रहालयात एक व्हॅलेंटाइन पाहायला मिळतो. सहलीला गेलात तर मुलांना मोजपट्टी बरोबर न्यायला सांगा. पाटीवरचे वजन आणि मोजलेली लांबी-रुंदी यांवरून तो किती बुडेल हे तिथेच उभ्या उभ्या काढता येते.

याउलट काही चिलखती वाहने कोणतीही भिंत न लावता पोहतात. १९७१ च्या युद्धात गरीबपूरच्या लढाईत भारताने वापरलेला रशियन पीटी-७६ हा रणगाडा १४ टनांचा, सुमारे ६.९ मीटर लांब आणि ३.१ मीटर रुंद. भागाकार करा. उत्तर येईल साधारण ६५ सेंटिमीटर. पुढचा भाग निमुळता असल्याने प्रत्यक्षात तो यापेक्षा जास्त बुडतो, पण त्याची स्वतःची पेटी त्याला पुरते. पण त्याची किंमतही मोजावी लागते. त्याचे चिलखत पातळ असते. जाड चिलखत आणि पोहणे ही दोन्ही एकत्र हवी असतील तर स्ट्रॉसलरसारखी काही तरी युक्ती लागतेच.

काठ उरतो किती?

होडीच्या बाबतीत ती किती बुडते यापेक्षा पाण्यावर किती उरते याला कोळी लोक जास्त महत्त्व देतात. शर्मनची भिंत पाण्याच्या वर सुमारे एक मीटर उरत असे. संथ तळ्यात ते भरपूर झाले. समुद्रात?

लाटेची उंची माथ्यापासून खळग्यापर्यंत मोजतात. ३० सेंटिमीटर उंचीची लाट सरासरी पातळीच्या १५ सेंटिमीटर वर जाते. अशा लाटांसाठीच ही भिंत आखलेली होती. लाट १.८ मीटर, म्हणजे साधारण पुरुषभर उंचीची असेल तर तिचा माथा सरासरी पातळीपेक्षा ९० सेंटिमीटर वर येतो. भिंत उरली आहे एक मीटर. हातात राहिले दहा सेंटिमीटर आणि तेही रणगाडा जराही न डुलता लाटेवर सरळ राहिला तर.

आता एक लाट काठावरून आत आली असे समजा. ५.९ मीटर लांबीच्या बाजूवरून, दहा सेंटिमीटर जाडीचा थर, सेकंदाला एक मीटर वेगाने, दोन सेकंद. हिशेब केला तर सुमारे १.२ घनमीटर पाणी आत येते. सव्वा टन वजन वाढले. १५.३ चौरस मीटर क्षेत्रफळावर सव्वा टन म्हणजे रणगाडा आणखी आठ सेंटिमीटर खाली जाणार. पुढच्या लाटेला काठ आठ सेंटिमीटरने बुटका सापडतो. ती जास्त पाणी टाकते. काठ आणखी बुटका होतो. भिंतीच्या आत सुमारे १५ घनमीटर पाणी मावेपर्यंत रणगाडा तगेल असे गणित सांगते. पण चढत्या भाजणीमुळे डझनभर लाटाही लागत नाहीत. पाच-सहा सेकंदांना एक लाट धरली तर हे सारे एका मिनिटाच्या आतबाहेर संपते. आत पाणी उपसण्याचा पंप होता, पण एवढ्या वेगापुढे त्याचे काय चालणार?

दुसरा धोका दाबाचा. पाण्याखाली एक मीटरवर प्रत्येक चौरस मीटरला सुमारे एक टन भार पडतो. कॅनव्हास हा भार कड्यांवर आणि टेकूंवर सोपवतो. लाटेचा माथा एका बाजूला आला की त्या बाजूचा भार वाढतो, दुसऱ्या बाजूचा घटतो. टेकू वाकला, की भिंत आत कोसळते. मग काठावरून पाणी येण्याची वाट पाहावी लागत नाही.

तिसरी गोष्ट कलंडण्याची. तरंगणारी वस्तू थोडी कलली की तिला परत सरळ करणारा जोर तिच्या रुंदीच्या घनावर अवलंबून असतो. रुंदी दुप्पट केली तर हा परिणाम आठपट. बाजूच्या फुग्यांच्या पहिल्या रचनेत स्थैर्य भरपूर होते ते यामुळेच. कापडी भिंतीत रुंदी रणगाड्याइतकीच राहिली. तरीही तो उलटत नसे, कारण इंजिन, पट्टे, चिलखत असे सगळे जड सामान तळाशी होते. मात्र आत पाणी साचले, की ते कललेल्या बाजूकडे धावते आणि कल वाढवते. पसरट परातीत पाणी घेऊन चालून पाहा.

सहा जून १९४४

एप्रिल १९४४ मध्ये स्टडलंड उपसागरात सराव चालू असताना समुद्र खवळला. काही व्हॅलेंटाइन बुडाले आणि सहा सैनिक मृत्युमुखी पडले. बुडत्या रणगाड्यातून सुटण्यासाठी सैनिकांना पाणबुडीतल्या खलाशांसारखी श्वसनाची साधने दिलेली होती व त्यांचा सरावही करून घेतला जाई. म्हणजे धोका कोणाला ठाऊक नव्हता असे नाही. त्याआधी जानेवारीत जनरल आयसेनहॉवर यांनी या रणगाड्यांचे प्रात्यक्षिक पाहिले होते व ते त्यांना इतके पसंत पडले, की आराखडे घेऊन एका इंजिनियरला ताबडतोब विमानाने अमेरिकेला पाठवण्यात आले. तेथील कारखान्यांनी दोन महिन्यांत शंभर शर्मन तयार करून दिले. लंडनमधल्या छोट्या नकाशाखोलीतली युक्ती अशी महासागर ओलांडून गेली.

नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरले त्या दिवशी सकाळी वेगवेगळ्या ठिकाणी समुद्र वेगवेगळा होता. 'यूटा' असे सांकेतिक नाव दिलेल्या किनाऱ्यावर पाणी तुलनेने शांत होते आणि तेथे पाण्यात सोडलेल्या २८ रणगाड्यांपैकी २७ किनाऱ्याला लागले. 'ओमाहा' किनारा उघडा होता. तेथे ७४१ व्या अमेरिकन रणगाडा पलटणीचे २९ रणगाडे किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर पाण्यात सोडण्यात आले. लाटा १.८ मीटरपर्यंत होत्या. वर आपण जे गणित केले ते याच लाटांचे.

२९ पैकी २७ बुडाले. दोनच पोहत किनाऱ्यावर गेले. एका नौकेवर पहिला रणगाडा बुडताना पाहून चालकाने उतरणीची फळी वर ओढून घेतली आणि उरलेले तीन थेट वाळूवर नेऊन उतरवले. शेजारच्याच भागातील ७४३ व्या पलटणीचे अधिकारी आणि त्यांच्या नौकांचे प्रमुख डीन रॉकवेल यांनी समुद्राकडे पाहून ठरवले, की रणगाडे पाण्यात सोडायचेच नाहीत. ते नौकांतून किनाऱ्यापर्यंत न्यायचे. एकाच सकाळी, एकाच किनाऱ्यावर, एकाच साधनाबाबत दोन निर्णय झाले. ज्या भागात रणगाडे बुडाले तेथे पायदळाला तोफांच्या आधारावाचून वाळूत पडून राहावे लागले.

दोष कोणाचा, यावर बरेच लिहिले गेले आहे. आम्हाला वाटते, साधन वाईट होते असे म्हणणे अन्यायाचे आहे. ज्या लाटांसाठी ते आखले होते त्यांच्या सहापट उंच लाटांत ते सोडले गेले. वेळापत्रक आखलेले होते, मागून पायदळ येत होते, आणि पाच किलोमीटर दूर उभ्या असलेल्या तरुण अधिकाऱ्याला तेथूनच निर्णय घ्यायचा होता. ३० सेंटिमीटर हा आकडा कुठल्या तरी कागदावर होता. समुद्रात त्या क्षणी हवा होता तो अधिकाऱ्याच्या डोक्यात. पुढे मार्च १९४५ मध्ये ऱ्हाईन नदी ओलांडताना हेच रणगाडे पुन्हा वापरले गेले. नदीला प्रवाह होता, चिखलाचे काठ होते, पण लाटा नव्हत्या, आणि तेथे त्यांनी आपले काम चोख केले.

स्ट्रॉसलर १९६६ साली लंडनमध्ये वारले. चिलखती वाहनाने स्वतःच्या पेटीवर तरंगावे, हीच दिशा नंतर जगभर रुजली. आपल्या सैन्यातील 'सारथ' हे पट्ट्यांचे वाहन पोहते. अहिल्यानगरची वाहन संशोधन संस्था आणि टाटा मोटर्स यांनी मिळून तयार केलेले आठ चाकांचे चिलखती वाहनही पाण्यात चालते.

वर्गात करून पाहण्यासाठी

वाण्याकडचे एक किलोचे लोखंडी वजन, १२ सेंटिमीटर लांब व १० सेंटिमीटर रुंद असा पत्र्याचा तुकडा, एक पातळ पण न फाटलेली प्लास्टिकची पिशवी, झाडूचे हीर, दोरा आणि पाण्याने भरलेला खोल टब एवढे सामान पुरे.

पत्रा पिशवीच्या तळाशी ठेवा, त्यावर मधोमध वजन ठेवा. पिशवी १३ सेंटिमीटर उंचीवर कापून घ्या. प्रथम हीर न लावता, पिशवीचा काठ हातांनी धरून ती हळूच पाण्यात सोडा. पाणी बाजू आत ढकलते, पिशवी वजनाला चिकटते आणि सगळे तळाशी जाते. वजनाने बाजूला सारलेले पाणी फक्त लोखंडाच्या आकारमानाएवढे, म्हणजे सुमारे १३० घनसेंटिमीटर असते. हवे आहे १००० घनसेंटिमीटर. आता हिरांची चौकट करून पिशवीला आतून टेकू द्या व पुन्हा सोडा. एक हजाराला १२० ने भागा. ८.३ सेंटिमीटर बुडून ती तरंगायला हवी. पेनाने आधीच खूण करून ठेवली तर मुलांना आपले उत्तर पडताळून पाहता येते. पिशवी, हीर आणि पत्र्याच्या वजनामुळे खूण थोडी पाण्याखाली जाईल. किती, हे त्यांनाच मोजू द्या.

मग वजनाखाली लाकडी ठोकळे ठेवून ते उंच करत जा. वजनाची उंची पाच सेंटिमीटर धरली तर त्याचे गुरुत्वकेंद्र सुरुवातीला तळापासून अडीच सेंटिमीटरवर असते. आमच्या गणिताप्रमाणे ते सव्वापाच सेंटिमीटरच्या वर गेले, म्हणजे ठोकळ्यांची उंची पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास झाली, की ही होडी उभी राहत नाही. वजन ठोकळ्यावर दोऱ्याने बांधून घ्या, नाहीतर ते घसरून पिशवी आधीच उलटेल आणि गणित बिचारे उगाच बदनाम होईल.

शेवटी ठोकळे काढून टाका, टबाच्या एका टोकाला पाटीने हलकेच पाणी ढवळून लाटा करा आणि त्यांची उंची हळूहळू वाढवा. कितव्या लाटेला पहिले पाणी आत आले आणि त्यानंतर किती लाटा होडी टिकली, हे दोन आकडे प्रत्येक गटाने फळ्यावर लिहावेत. लाटा समोरून घेतल्या तर एक आकडा मिळतो, बाजूने घेतल्या तर दुसरा.